एसिनामची रिकामी चौकट

१

शनिवारी दुपारी अडीच वाजता एसिनामने तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीचं दार उघडलं आणि ती तिथेच भिंत धरून खाली बसली.

लाकडी चौकट होती तशी उभी होती, माणसाहून उंच. तिच्यात दोरीने ताणून बांधलेलं चित्र तेवढं नव्हतं. चौकटीतून आरपार पलीकडच्या तारेवर वाळत घातलेले उत्कर्षचे पाच शर्ट दिसत होते.

उत्कर्ष तिच्या मागेच होता. सकाळी तिला घेऊन त्याने तिची लहान सहा चित्रं आपल्या गाडीतून ब्युर्गरहाउसच्या सभागृहात पोचवली होती. आता हे मोठं चित्र सोडवून, गुंडाळून न्यायचं तेवढं राहिलं होतं. तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला.

"आई, एसिनामचं चित्र गेलं."

मनोरमाबाई मेथी निवडत होत्या. "गेलं म्हणजे? पाय फुटले काय त्याला?"

"चोरीला गेलं, आई."

"मग तसं म्हण की. ऋचा, ही मेथी झाक. माझ्या चपला कुठायत?"

मनोरमाबाईंचं वय अडुसष्ट, शाळा दुसरीपर्यंत, गाव इचलकरंजी. जर्मनीत त्सुफेनहाउझेनला लेकाकडे त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या आणि जर्मनचे चार शब्द आल्यावर पाचवा त्यांनी शिकून घेतला नव्हता. "मला काय यांच्यात सोयरीक जुळवायचीय?" म्हणायच्या. पण वरच्या मजल्यावरच्या एसिनामशी मात्र त्यांचं सूत जमलं होतं. एसिनाम घानाची, एवे लोकांतली, बावीस वर्षांपूर्वी इथे आलेली. सकाळी वृद्धाश्रमात नोकरी करायची आणि दुपारनंतर तळघरात बसून आपला मुलूख रंगवायची. मासे वाळवणाऱ्या बाया, डोक्यावर पाट्या घेऊन निघालेला बाजार, झाडाखाली ओळीने माग मांडून बसलेले विणकर. कपडे वाळत घालायला गेलं की मनोरमाबाई तिथेच बादली पालथी घालून बसायच्या. हिला मराठी येत नव्हतं, त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि तासतासभर गप्पा चालायच्या.

हे मोठं चित्र बाजारातल्या कॅनव्हासवर काढलेलं नव्हतं. एसिनामच्या गावी अरुंद मागावर चार बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या विणतात आणि त्या कडेला कड लावून शिवल्या की वस्त्र होतं. तशा पंधरा पट्ट्या तिने हाताने जोडल्या होत्या आणि त्यांत पातळ रंग मुरवून चित्र उभं केलं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनोरमाबाईंनी चित्राकडे नंतर बघितलं, आधी कापडाची मागची बाजू उलटून पाहिली.

"कुणी विणलं हे?"

सुनेने, ऋचाने, एसिनामला विचारून सांगितलं, "तिच्या वडिलांनी."

"हात फार हलका होता गं बापाचा. मागाचा ठोका बघ, कुठे म्हणून जड पडला नाही." एसिनाम नुसतीच हसली होती आणि ब्रश धुवायला लागली होती.

आज ती हसत नव्हती, रडतही नव्हती. ती जे बोलली ते ऋचाने हळू आवाजात मराठीत सांगितलं.

"उद्या अकराला प्रदर्शन उघडतंय, आई. गावाकडे तिची आई फोनसमोर बसणारे. ब्याऐंशीची आहे आणि डोळे जात चाललेत. दोन-तीन महिन्यांनी काही दिसेल याची डॉक्टरला खात्री नाही. हे चित्र तिने त्या आईसाठीच काढलं होतं."

"पोलिसांना बोलवू या," उत्कर्ष म्हणाला.

एसिनामने मान हलवली. पोलिस कागद भरून घेतील आणि सोमवारी बघू म्हणतील.

मनोरमाबाईंनी पदर खोचला. "तिला सांग, उद्या अकराला तुझी आई हे चित्र बघेल. मी सांगते म्हणून सांग."

"अहो आई, असं कसं सांगू? आपल्याला काय माहीत..."

"सांग म्हटलं की सांगायचं. तुझ्या पदरचं काही घालू नकोस."

२

घरात बिऱ्हाडं तीन. तळमजल्याला म्हाताऱ्या फ्राउ हेबर्ले, मध्ये उत्कर्ष-ऋचा, वर एसिनाम. शिवाय शुक्रवारपासून एसिनामकडे तिचा थोरला भाऊ याओ येऊन राहिला होता, लुडविग्सहाफेनहून, चित्रं टांगायला मदत म्हणून. वाळवायच्या खोलीची किल्ली प्रत्येक बिऱ्हाडाकडे एकेक, एसिनामची तिच्या दाराआड खिळ्याला टांगलेली. तळघराला दुसरं दार नाही, खिडक्यांना गज.

मनोरमाबाईंनी आधी फ्राउ हेबर्लेंना गाठलं. त्यांच्या दाराला त्या आठवड्यात केअरवोखेची पाटी लटकत होती. आठवड्याला एका बिऱ्हाडाने जिना, तळघर आणि दारापुढचा फूटपाथ झाडून-पुसून लख्ख करायचा, अशी या भागातली रीत. फ्राउ हेबर्लेंचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं. सकाळी नऊपर्यंत त्यांनी तळघर आटपलं होतं आणि दहापासून त्या रस्त्याकडच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, ओल्या फरशीवर कोणी बुटाने येऊ नये म्हणून. कॉफीचा कप दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून त्या बोलत होत्या. बोटं आल्याच्या कुड्यांसारखी गाठाळलेली, एका हाताने त्यांना कप पेलत नव्हता.

"दहाला तुमचा मुलगा आणि ही बाई लहान चित्रं घेऊन बाहेर पडले. त्यानंतर या दारातून कोणी काही नेलं नाही. दोन मीटरचं चित्र माझ्या नाकासमोरून गेलं असतं आणि मला दिसलं नसतं?"

"आत तळघरात कोण उतरलं?"

"इथून जिना दिसत नाही. ऐकू येतो." फ्राउ हेबर्लेंनी ऋचाकडे पाहिलं. "सव्वादहाला सपाता वाजल्या. फट, फट, फट. या घरात तशा सपाता एकीच्याच आहेत."

ऋचाचा दुभाष्याचा सूर जरा खाली आला. "मी शर्ट वाळत घालायला गेले होते, आई. तेव्हा चित्रावर नेहमीची चादर होती. मी वरही केली नाही."

"ती आणखी काहीतरी म्हणाली. ते गाळलंस."

"म्हणाल्या की... मंगळवारी मी जिन्यात ओरडत होते. त्या चित्राच्या चिंध्या करते म्हणून."

"ओरडलीस?"

"अहो, पाच शर्टांना निळा रंग लागला होता! रागात गेलं तोंडातून."

"मराठीत ओरडलीस का जर्मनमध्ये?"

"जर्मनमध्ये."

"तिथेच चुकलीस," मनोरमाबाई म्हणाल्या आणि फ्राउ हेबर्लेंकडे वळल्या. "आणि घरमालकाला पत्र कोणी पाठवलं होतं, इथे चित्रं काढू देऊ नका म्हणून? विचार तिला."

"मीच. वाळवायची खोली कपडे वाळवायला असते. गेनाऊ, नेमकं तेवढ्यालाच. पण मी पत्रं लिहिते, चोऱ्या करत नाही."

उरला याओ. तो वर एसिनामच्या सोफ्यावर बसला होता, खांदे पाडून. पन्नाशीचा, दांडगा, मऊ बोलणारा माणूस. दीड वाजता मनोरमाबाईंनीच त्याला हाक मारून थालीपीठ वाढलं होतं. एकटा पुरुषमाणूस घरात उपाशी बसलाय हे त्यांना बघवलं नव्हतं. तेव्हाही तो म्हणाला होता, आत्ताच उठलो, गुरुवारपर्यंत रात्रपाळी होती. थाळी घेताना त्याच्या हातावरच्या केसांत पांढरं तूस अडकलेलं त्यांना दिसलं होतं. पांघरुणाचं असेल, असं मनात म्हणून त्यांनी आणखी एक थालीपीठ वाढलं होतं.

"चित्र पाहिलं होतंस?"

"काल संध्याकाळी, पहिल्यांदा."

"कसं वाटलं?"

तो जरा थांबला. "मोठं आहे."

"बाप एवढा विणकर. तुलाही माग येत असेल की."

"नाही. मी सोळाव्या वर्षी घर सोडलं. मागाला कधी हात लावला नाही."

तोवर उत्कर्ष आणि एसिनामने तिन्ही घरं, कपाटांच्या मागे, पलंगांच्या खाली, सगळं पालथं घातलं होतं. दोन मीटर लांब काही लपेल अशी जागा त्यांनी ठेवली नव्हती. चित्र घराबाहेर गेलं नव्हतं आणि घरात नव्हतं.

३

मनोरमाबाई पुन्हा खाली गेल्या. बादली पालथी घालून रिकाम्या चौकटीसमोर बसल्या आणि फरशीकडे बघत राहिल्या.

"आई, फरशीवर काय बघताय? कचरा आहे नुसता."

"हेच तर. कचरा का आहे?"

चौकटीच्या पायाशी, भिंतीच्या कडेने, बोट-बोटभर लांबीचे दोरे पडले होते. त्यांनी एक उचलून चष्म्यासमोर धरला. दोरा सरळ नव्हता. मोठ्या वळणांचा नागमोडी होता आणि ओढला तरी सोडला की पुन्हा तसाच वळत होता. सोबत थोडं पांढरं तूस.

"ऋचा, हा दोरा कापडातला असता तर वळणं याहून कितीतरी दाट असती. हा टाक्यांत बसलेला दोरा. वर्षभर टाक्यात बसला की त्याला ती सवय लागते, उसवला तरी जात नाही." त्या उठल्या. "तुम्ही लोक दोन मीटरचं चित्र शोधताय. ते आता दोन मीटरचं राहिलेलंच नाही."

"म्हणजे फाडलं?" एसिनामला सांगता सांगता ऋचाने विचारलं.

"फाडलं असतं तर कापडाचे धागे सुटले असते. एकही नाही. कोणीतरी बसून, चार-पाच टाक्यांवर एकेक कापून, चौदाच्या चौदा शिवणी उसवल्या. पट्ट्या सुट्या केल्या आणि गुंडाळ्या केल्या. चार बोटांची पट्टी गुंडाळली तर केवढी होईल? मुठीएवढी. आता मुठीएवढं शोधा."

मग फार वेळ लागला नाही. वाळवायच्या खोलीला लागूनच प्रत्येक बिऱ्हाडाची सामानाची कोठडी होती, लाकडी पट्ट्यांच्या जाळीची, कुलूपबंद. उत्कर्षने मोबाइलचा उजेड एकेका जाळीतून आत टाकला. तिसऱ्या कोठडीपाशी त्याचा हात थांबला.

आत, गणपतीच्या मखराच्या खोक्यापुढे, गुंडाळ्या दिसत होत्या. निळ्या, पिवळ्या, तांबड्या. उत्कर्षने मोजल्या. पंधरा.

कोठडी त्यांचीच होती. कुलूप जागच्या जागी होतं आणि त्याची किल्ली ऋचाच्या जुडग्यात होती.

४

एसिनामने ऋचाकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. फ्राउ हेबर्ले जिन्यावरून खाली आल्या होत्या, त्यांनी मात्र "हो, हो" करत मान डोलावली.

"मी नाही केलं," ऋचा म्हणाली. मराठीत म्हणाली, मग जर्मनमध्ये म्हणाली, आणि मग सासूकडे बघून पुन्हा मराठीत म्हणाली, "आई, शप्पथ."

"शपथा नकोत. कुलूप काढ. आत पाय ठेवू नकोस. आणि आता मी बोलते ते शब्दाला शब्द सांगायचं, तुझ्याबद्दल असलं तरी."

जाळीच्या पट्ट्यांमध्ये मूठ जाईल एवढी फट होती. गुंडाळ्या त्या फटींच्या बरोबर मागे, हातभर अंतरात, धुळीच्या फरशीवर ओळीने पडल्या होत्या.

"माझ्या सुनेला मी नऊ वर्षं बघतेय," मनोरमाबाई म्हणाल्या. "ही चमचासुद्धा डब्यात घालून, डबा पिशवीत घालून, पिशवी कपाटात ठेवते. मागच्या मांडणीवर तीन रिकामी खोकी आहेत. हिच्याकडे किल्ली. ही आत जाऊन गुंडाळ्या खोक्यात भरेल, का दाराच्या तोंडाशी धुळीत मांडून ठेवेल? या गुंडाळ्या बाहेरून, फटीतून एकेक करून आत सोडल्यात. ज्याने सोडल्या त्याच्याकडे किल्ली नव्हती, म्हणून त्या इथे आल्या."

ऋचाने हे भराभर सांगितलं. सासूने आपल्याबद्दल एवढं चांगलं कधी म्हटलेलं तिला आठवत नव्हतं, तेही चमच्यावरून.

"मग मी?" फ्राउ हेबर्लेंनी हनुवटी वर केली. "या कोठडीची किल्ली माझ्याकडेही नाही."

"तिच्या बोटांनी सुईत दोरासुद्धा जायचा नाही, अठ्ठावीस मीटर शिवण उसवायचं लांबच. आणि ते सोड. नऊला तिने हे तळघर झाडलं. दोरे आणि तूस त्यानंतर पडलं. स्वतःच्या केअरवोखेत फरशीवर तूस सांडून वर जाईल, अशी ही बाई आहे काय?"

ते जर्मनमध्ये ऐकताच फ्राउ हेबर्ले ताठ झाल्या. "निश्चितच नाही," त्या म्हणाल्या, आणि इतका मान आपल्याला या घरात पहिल्यांदाच मिळतोय, अशा चेहऱ्याने सर्वांकडे बघू लागल्या.

मनोरमाबाई खाली वाकून एकेक गुंडाळी उचलत होत्या. रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळली होती, रंगाला चीर जाऊ नये म्हणून. प्रत्येकीला एका दोऱ्याने बांधलं होतं. उसवलेल्या शिवणीचेच तुकडे, एकाला एक जोडून लांब केलेले. प्रत्येक गुंडाळीच्या टोकाला बारीक गाठी मारलेल्या, एक, दोन, तीन, अशा पंधरापर्यंत. पट्ट्यांचा क्रम.

"परत जोडायचं मनात होतं चोराच्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "चित्र नासवायचं नव्हतं. नको होता तो फक्त उद्याचा दिवस."

मग त्यांनी ते जोडाचे दोरे बोटांवर फिरवून पाहिले आणि त्यांचा हात थांबला. गाठ चपटी होती, मोहरीहून लहान. असली गाठ सुतळी बांधणारा मारत नाही, शिंपी मारत नाही. चालत्या मागावर ताण्याचा उभा धागा तुटला की ती मारायची असते, फणीच्या दातांतून अडखळल्याशिवाय निघून जावी म्हणून. मनोरमाबाईंनी ती आयुष्यात किती वेळा मारली असेल याची गणती नव्हती.

"काय झालं, आई?" उत्कर्षने विचारलं.

"काही नाही. माझ्या चष्म्याची दोरी तुटलीय. वर जाऊ या."

दोरी तुटलेली नव्हती. जिना चढताना त्यांनी ती दातांनी तोडली.

५

याओ खिडकीशी उभा होता. चित्र सापडल्याचं एसिनामने सांगितलं, तेव्हा त्याने डोळे मिटले. सुटल्यासारखे मिटले का धरले गेल्यासारखे, ते एसिनामला कळलं नाही.

मनोरमाबाई त्याच्यासमोर खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुढे केला. "ही दोरी तुटली बघ. माझ्याच्याने बारीक दिसत नाही. बांधून दे बाबा."

ऋचाने सांगितलं. एवढ्या वयाच्या बाईला नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. याओने दोन्ही टोकं हातात घेतली. त्याचं लक्ष बहिणीकडे होतं, बोटांकडे नव्हतं. डाव्या अंगठ्याखाली एक टोक दाबलं गेलं, दुसऱ्याचा वळसा पडला, टोक वळशातून गेलं, नखाने दाबून ओढलं. एका श्वासात झालं.

मनोरमाबाईंनी गुंडाळीचा दोरा काढून त्या गाठीशेजारी धरला.

याओने दोन्ही गाठी पाहिल्या. मग आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्या कोणाची होती.

"मागाला कधी हात लावला नाही म्हणालास," मनोरमाबाई म्हणाल्या. "हात खोटं बोलत नाही रे. दीड वाजता तू माझ्या घरी जेवलास तेव्हा तुझ्या हातावर तूस होतं. पांघरुणाचं तूस असं बसत नाही, जुनं सुती कापड उसवलं की ते असं केसांत शिरतं. मीच चुकले, थालीपीठ वाढण्याच्या नादात. चोरपावलांनी अनवाणी उतरलास, म्हणून बाहेर ऐकू गेलं नाही. सुनेच्या सपाता वाजून गेल्यावर उतरलास. तीन तास बसलास. बाहेर म्हातारी बसलेली, वर जिन्यात कोण भेटेल नेम नाही, हातात पंधरा गुंडाळ्या. मग दिसेल त्या फटीत सोडल्यास. कोठडी कोणाची, तुला ठाऊकही नव्हतं."

ऋचाने शेवटचं वाक्य जरा ठसक्यात सांगितलं. ठसका तिच्या पदरचा होता, पण मनोरमाबाईंनी चालवून घेतलं.

एसिनाम भावावर आपल्या एवे भाषेत काहीतरी ओरडली. याओ सोफ्यावर बसला.

६

"सोमवारी मीच परत शिवून देणार होतो," तो म्हणाला. "उद्या ते दिसायला नको होतं. गावातले सगळे फोनवर बघणार. तिने काय काढलंय ते बघितलंय का तुम्ही?"

मनोरमाबाईंनी बघितलं होतं. अंगणात निळ्या कपड्यांतले विणकर बसलेले, त्यांचा ताणा लांबच लांब पसरलेला, तो ताठ राहावा म्हणून टोकाला दगड ठेवलेली पाटी. आणि मधोमध एका बंद खोलीत कंदिलाच्या उजेडात, पायाच्या अंगठ्यांत मागाच्या दोऱ्या अडकवून बसलेली एक बाई.

"आमच्याकडे बाईने मागावर बसायचं नाही," याओ म्हणाला. "आता काही मुली बसतात. तेव्हा कोणी बसत नव्हतं. वडिलांचा उजवा हात लुळा पडला आणि आई बसली. सहा वर्षं, दार लावून. कापड वडिलांच्या नावाने जायचं. ते वारले तेव्हा साऱ्या भागाने त्यांना मोठा विणकर म्हणून पोचवलं. उद्या त्या नावाचं काय होईल?"

"बापाच्या नावाचं मला सांगू नकोस," एसिनाम म्हणाली. "आईनेच सांगितलं मला काढायला. आणि या पट्ट्या वडिलांच्या नाहीत, तिच्या हातच्या आहेत. तिनेच पाठवल्या. मी सगळ्यांना वडिलांच्या म्हणून सांगत आले, सवयीने."

"तरी म्हटलं," मनोरमाबाई म्हणाल्या. "तो ठोका बापाचा नव्हताच. हाताखाली पोर निजलंय, ते उठू नये, अशा बेताने मारलेला ठोका तो."

याओचा चेहरा आवळला. मग जे बोलला ते ऋचालाही पुन्हा विचारून घ्यावं लागलं.

"थोरला मुलगा मी. वडिलांचा हात गेला तेव्हा माग माझा होता. सगळं शिकलो होतो. आणि मी पळून गेलो. आई तिथे का बसलीय, हे ज्याला कळतं त्याला त्या चित्रात मीही दिसतो. नसलेला."

उत्कर्ष दाराशी उभा होता.

"ऐक," मनोरमाबाई म्हणाल्या. "माझा नवरा खोकल्याने अंथरुणाला खिळला. त्याच्या खाती दुसऱ्याच्या शेडमधले चार यंत्रमाग होते. ते मी चालवले, अकरा वर्षं. शेजारपाजारच्या बाया मला बघून तोंडाला पदर लावायच्या, बाई असून पुरुषांच्या शेडमध्ये जाते म्हणून. त्या अकरा वर्षांत नवऱ्याच्या नावाला धक्का लागला नाही आणि पोराला शाळा चुकली नाही. आता तोच पोरगा इथे हापिसात सांगतो, आमचा टेक्स्टाइलचा धंदा होता." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "मी ऐकून घेते. तुझ्या आईने काय करायचं, ते तू तिला विचारलंस?"

"नाही."

"मग आधी चित्र शिवायला बस. सुया किती आहेत गं घरात, ऋचा?"

सुया पाच निघाल्या. मेणाचा दोरा फ्राउ हेबर्लेंनी दिला, नवऱ्याच्या चामडी कामाचा, पंचवीस वर्षं डब्यात जपलेला. बोटं चालत नव्हती म्हणून त्या गाठी मोजून क्रम सांगू लागल्या, आणि दोनदा त्यांनी मनोरमाबाईंची चूक काढली. जूनचा उजेड साडेनऊपर्यंत पुरला. एसिनामने याओकडे बघायचं टाळलं, पण सुई मात्र त्याच्या हातात तिनेच दिली. उत्कर्ष आईच्या शेजारी मांडी घालून बसला आणि न बोलता सुया ओवून देत राहिला. एकदा फक्त त्याने विचारलं, "चारही एकदम चालवायचीस?"

"मग काय, पाळीपाळीने?"

पहाटे उठून राहिलेल्या पाच शिवणी घातल्या. साडेआठला चित्र चौकटीसकट नाही, गुंडाळून गेलं, तेही फ्राउ हेबर्लेंच्या देखरेखीखाली. दारातून जाताना त्या म्हणाल्या, "खालचे दोरे मी आल्यावर झाडते. आज रात्रीपर्यंत माझीच पाटी आहे."

अकराला ब्युर्गरहाउसचा हॉल भरला होता. उत्कर्षच्या हापिसातला त्याचा साहेब बायकोला घेऊन आला होता. चित्रासमोर उभा राहून तो कापडाबद्दल काहीतरी विचारत होता. उत्कर्षने आईला पुढे आणलं आणि जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलला. साहेबाने मनोरमाबाईंकडे नीट पाहिलं आणि वाकून हात पुढे केला.

"काय सांगितलंस रे त्याला?"

ऋचाने सांगितलं, "म्हणाला, ही माझी आई. हिने चार माग चालवले."

"अकरा वर्षं सांगितलीस का?"

"सांगितली, आई," उत्कर्ष म्हणाला.

"मग ठीक आहे. फोन लावा आता, तिकडे म्हातारी खोळंबली असेल."

फोन याओच्या हातात होता. पडद्यावर अंगणातल्या खुर्चीत बसलेली एक वाळलेली, ताठ बाई दिसली, याओ-एसिनामची आई, आब्ला. भोवती गावातली पंचवीस-तीस माणसं होती. याओने फोन चित्रासमोर धरला आणि हळूहळू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. आब्ला पुढे वाकली, डोळे बारीक केले, आणि तिचा चेहरा पडद्यापासून इतका जवळ आला की फक्त एक डोळा दिसू लागला. तो डोळा खूप वेळ हलला नाही.

मग ती काहीतरी म्हणाली. एसिनामने तोंडावर हात घेतला, ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

"काय म्हणाली?" मनोरमाबाईंनी ऋचाचा दंड धरला. "दिसलं का तिला? काय म्हणाली ते नीट सांग."

ऋचाने एसिनामला विचारलं. "म्हणाली, माझं आहे ते सगळं दिसतंय. फक्त डावीकडून तिसऱ्या पट्टीची शिवण वाकडी गेलीय. ती कोणी घातली?"

त्याचं उत्तर हॉलमध्ये एकट्या याओलाच देता येण्यासारखं होतं. त्याने फोन स्वतःकडे वळवला.

"मी घातली, आई," तो म्हणाला.

मग त्या बाईने एकच वाक्य म्हटलं, आणि पन्नाशीचा तो दांडगा माणूस लहान मुलासारखी मान हलवू लागला. एसिनामने ते जर्मनमध्ये सांगितलं, ऋचाने मराठीत सांगितलं, पदरचं काही न घालता.

"म्हणाली, घरी ये. उसवून पुन्हा घालून घेते तुझ्याकडून."